भांड्याचा ताप

४ मार्च, मंगळवार

ह्यांचा गुडघा — कालच्यापेक्षा बरा. जिना चढताना गप्प, उतरताना कुरकुर. लेकीचा खोकला — सुटत आलाय. जावयाचा घसा — बसलेलाच. शाळेत पोरांवर ओरडू नकोस म्हटलं तर म्हणतो, "आई, मग पगार कशाचा?" नातीचा, भिंगरीचा दात — हलतोय, पण पडत नाही, आणि कुणाला हात लावू देत नाही. माझं — डोळ्यांची आग सोडली तर ठणठणीत.

आणि भांडं? भांड्याला ताप!

सकाळी चहाबरोबर फोनवर सगळ्यांची विचारपूस केल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. हल्ली त्यात भांड्याची भर पडली आहे. भांडं म्हणजे गावाबाहेरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातलं, इमारतीएवढं उंच, रिजनरेटर नावाचं. जाड तेलाची वाफ पिठासारख्या बारीक, तापलेल्या पावडरीतून नेली की तेल फुटतं, त्याचं पेट्रोल होतं. पण पावडरीवर काजळी धरते. ती काजळी जाळायची आणि पावडर पुन्हा कामाला लावायची, हे ह्या भांड्याचं काम. खालून हवा, बाजूच्या नळातून काजळलेली पावडर, आणि आत सगळं उतू जाणाऱ्या दुधासारखं खळखळत असतं. काजळीतलं जळायचं ते खाली पावडरीतच जळून जायला हवं. आमच्या भांड्यात ते वर, मोकळ्या जागेत जातं आणि तिथे पेटतं. म्हणून माथा तापतो. लोखंडाने तरी किती सोसायचं? बिचारं कमी भरूनच चालवतात.

कारखान्याने काल सांगून टाकलं. जूनमध्ये भांडं थंड करून उघडणार. आत काय बदलायचं ते तेव्हा बदलायचं. त्यानंतरही ताप उतरला नाही तर विभाग कायमचा बंद, आणि माणसं कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात. तो इतका लांब की विमानाने जावं लागतं. लेक इथल्या ह्याच विभागात पाळीची प्रमुख. ती जाणार म्हणजे जावई जाणार, भिंगरी जाणार. इथे उरणार मी, हे आणि ह्यांचा गुडघा.

आत काय बदलायचं, ते आमच्या संशोधन संस्थेने कंप्युटरवर शोधून सांगायचं आहे. संस्थेत हे काम माझं. साहेबांना म्हटलं, लेक तिथे आहे, मला नका घेऊ. ते म्हणाले, "तिथे आहे म्हणूनच घेतोय. बाकीचे काम करतील. तुम्ही जीव टाकाल."

७ मार्च

डोळे चुरचुरतायत, तरी लिहिते.

ह्या संस्थेत मी टंकलेखिका म्हणून आले. लोकांची समीकरणं टाइप करायची. कुठल्या अक्षराच्या डोक्यावर टिंब, कुठल्या पायाशी आकडा — अर्थ शून्य! मग एकदा एकाला विचारलं, हे टिंब कशाचं हो? तो म्हणाला, वेगाचं. बस्स, तिथून खाज सुटली. एकेक टिंब विचारत विचारत इथवर आले. निवृत्तीनंतरही साहेब सोडत नाहीत, मलाही सोडवत नाही. दोघंही सारखेच हट्टी!

नवी मुलगी आली आहे, ह्याच विषयातली डॉक्टर. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणते. पहिल्याच दिवशी ह्यांच्या गुडघ्यावर औषध विचारलं तर पोरगी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "काकू, गुडघ्यातून पावडर वाहत असेल तरच मी काही सांगू शकते." जमेल आमचं!

आज मात्र जरा वाजलं. कंप्युटरमध्ये भांडं उभं करायचं म्हणजे त्याची लाखो बारीक घरं पाडायची. मग घरोघर जाऊन विचारायचं — हवा किती? पावडर किती? कुणीकडे निघालात? अंग तापलंय का? सगळी उत्तरं घ्यायची, काळ केसभर पुढे सरकवायचा, की पुन्हा पहिल्या दारापासून तेच. खानेसुमारीच म्हणा ना! मोठ्या मशीनलाही दिवसचे दिवस लागतात. म्हणून मी नेहमी अर्धंच भांडं घेते. मधोमध उभा आरसा धरायचा. उजवीकडे होईल तेच डावीकडे होईल. निम्मी घरं वाचतात. पावडर आणणारा नळही भांड्याच्या तोंडाशी छाटून टाकते. तो मागे कुठून येतो ह्याच्याशी आपल्याला काय देणंघेणं? उरलेला साबण नव्या वडीला चिकटवून संपवणारी माणसं आम्ही. उधळपट्टी हाताला जमतच नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "काकू, ह्या वेळी अख्खं घेऊया?"

"अगं, शितावरून भाताची परीक्षा होते."

"भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर."

तोंडाला तोंड देते! पण जून तोंडावर आला, मशीनवर सगळ्यांची रांग. अख्खं भांडं परवडायचं नाही. अर्धंच लावलं.

१० मार्च

रन चालू, म्हणजे मशीनची घरोघर विचारपूस चालू. हाताची घडी घालून बसले आहे. कुठे पाहुणी म्हणून गेल्यासारखं वाटतं.

१४ मार्च, शुक्रवार

आला! रन आला, आणि काय सुंदर आला!

पावडर नळातून येते ती भिंतीशीच ढिगाने पडते, मधली हवा मोकळीच वर निसटते. म्हणजे पावडर मधोमध नेऊन पसरायला हवी. हे परवाच दिसलं, म्हणून लगेच एक पन्हळ घालून पुन्हा रन लावला, तो आज आला. नळाच्या तोंडापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत सरळ, तळाला सारख्या अंतरावर सारखी भोकं. माथा झटक्यात थंड! साहेबांनी लगेच कारखान्याला कळवलं. मी ह्यांना फोन केला — लेक कुठे जात नाही!

डॉक्टरीणबाई मात्र कारखान्याचे आकडे घेऊन बसली होती. "काकू, माथ्यावर डावीकडचं थर्मामीटर उजवीकडच्यापेक्षा बरंच जास्त दाखवतंय. आपल्यात दोन्हीकडे सारखं येतं."

"येणारच. आरसा आहे ना."

"तेच म्हणतेय."

"बिघडलं असेल ते थर्मामीटर. सततच्या आगीत बसून माणूससुद्धा बिघडेल."

तिने त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. तो गोल मला बोलण्यापेक्षा जास्त टोचला.

१६ मार्च, रविवार

लेक, जावई, भिंगरी जेवायला. आमच्या घरचा नियम — कामाचं बोलणं दाराबाहेर ठेवून यायचं. मी वाढत होते. लेक भाताकडे बघत म्हणाली, "आई, आमच्या थर्मामीटरची बदनामी कोण करतंय गं?"

"नियम!" हे गरजले.

"बाबा, मी कामाचं कुठे बोलतेय? एका गरिबाची अब्रू चाललीय, तेवढं सांगतेय. ते आम्ही बदललंय, आई. नवंही तेच सांगतंय."

मी वाढतच राहिले. भिंगरी म्हणाली, "आजी, पानाबाहेर वाढतेयस."

सगळे गेल्यावर ह्यांनी भांडी पुसता पुसता हळूच — "नाचता येईना, अंगण वाकडं." मला असा राग आला! राग आला, म्हणजे बाण लागला.

१७ मार्च

साहेबांना म्हटलं, मला भांडं बघायचं आहे. ते म्हणाले, "इतकी वर्षं न बघता चाललं!" खरंच. आयुष्यभर पडद्यावरचीच भांडी पाहिली. खरं एकही नाही.

२० मार्च, गुरुवार

गेलो. मी आणि डॉक्टरीणबाई.

फाटकावर निळे डगले, हेल्मेटं, बूट दिले. माझा डगला असा ढगळ की आणखी एक मी आत मावले असते. न्यायला कोण आलं? लेक! चेहऱ्यावर ओळख नाही. "मॅडम, रेलिंग धरा. मॅडम, इथे पाय जपून." मीही ताठ. एका वळणावर कुणी नव्हतं, तिथे हळूच कानात — "पाणी प्यायलीस का? ऊन आहे."

आणि ते! केवढं ते! अंगावर येणारं. मान मोडेपर्यंत वर बघावं तरी माथा दिसत नाही. जवळ गेलं की पायाखालची जाळी थरथरते, आत कुणी मोठा श्वास घेतंय असं वाटतं. एवढं मोठं लेकरू आजारी, आणि मी त्याला बोटाएवढ्या चित्रात बघून औषध लिहून दिलं!

लेकीने पावडरीचा नळ दाखवला. तो सरळ येतच नाही. मध्ये एक जुना खांब आला म्हणून त्याला वळसा घालून, कोपर काढून, मग भांड्यात शिरतो. हे कोपर माझ्या नकाशातही होतं. छाटलं मीच होतं.

तरी डोक्यात उजेड पडला नाही, खोटं कशाला लिहू? परतीला आमची गाडी फाटकातून जोरात वळली आणि मी सगळीच्या सगळी डॉक्टरीणबाईच्या अंगावर! हेल्मेटं असती तर टक्करच. ती बिचारी दाराशी चेपलेली, हसत म्हणाली, "काकू, कोपरातून वळताना पावडरचं पण असंच होणार ना?"

दोघींचं हसू एकदम थांबलं.

वळणावर सगळी पावडर नळाच्या एका अंगाला दाटणार. तशीच भांड्यात शिरणार, एका कुशीवर पडणार. तिथे ढीग, दुसरीकडे हवेला मोकळं रान. आणि आरसा धरला की हे कधी दिसणारच नाही! नळ छाटला म्हणून आरसा धरता आला, आणि आरसा धरला म्हणून नळ छाटल्याचं कळलं नाही. काटकसरीने काटकसरीला पाठीशी घातलं.

"थर्मामीटर बिचारं," मी म्हटलं.

"त्याची माफी मागायला पुन्हा यावं लागणार," ती म्हणाली. कार्टी!

२१ मार्च

साहेबांना सांगितलं. सरळ पन्हळ रद्द करा. अर्ध्या भांड्यावर काढलेली आहे. खऱ्या भांड्यात घातली तर पावडर तिच्या एकाच कडेने धावेल, ताप उतरायचा नाही. कदाचित चढेल.

साहेबांनी चष्मा काढला. "त्यांनी पत्रा कापायला घेतलाय."

"तर थांबवा."

"काय सांगू?"

"सांगा, बाई चुकल्या. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग हसायला लागले. म्हणाले, "भांडं लपवायचं म्हटलं तरी एवढं मोठं लपवणार कुठे?" आणि फोन उचलला.

जून काही आमच्यासाठी थांबत नाही.

२६ मार्च

अख्खं भांडं, कोपरासकट नळ. घरं दुपटीहून जास्त झाली. मशीनवरचा आमचा वाटा पुरेना. साहेब स्वतः खोल्याखोल्यांत फिरले, झोळी घेऊन निघाल्यासारखे. शेजारच्या खोलीतली मंडळी पवनचक्कीच्या पात्यांवर काम करतात, नेहमी आमच्याशी तणतणतात — त्यांनी आपली पाळी अख्खी देऊन टाकली! त्यांचा म्होरक्या म्हणाला, "काकू, तुमचा वारा भांड्यात कोंडलाय, आमचा मोकळा आहे. आमचा थांबेल."

माणसं चांगली असतात. आपणच विचारत नाही.

३० मार्च

रन फुटला. आकडे असे उधळले की एका घरात पावडरीचा वेग आवाजाच्या पुढे! डॉक्टरीणबाईचं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, चल, काळाची पावलं लहान टाकायची, पुन्हा निघायचं. कोपराशी घरं आणखी बारीक केली. हसत हसत म्हणाली, "आता काटकसर नाही करायची काकू?" म्हटलं, दुधाने तोंड पोळलंय बाई, आता ताकही फुंकून पिणार.

३ एप्रिल

चालू आहे. फुंकर घालतेय.

९ एप्रिल, बुधवार

दिसलं!

पडद्यावर पावडर लाल, हवा निळी. नळाच्या कोपरातून लाल लोट येतो तो एका भिंतीला घासतच. भांड्यात शिरतो आणि सरळ न जाता उजवीकडे कलंडतो, शेपूट हलवतो, पुन्हा उजवीकडेच जाऊन पडतो. डावीकडे निळं मोकळं. हवा तिथून गुपचूप वर, अर्धवट जळलेलं बरोबर घेऊन, आणि माथ्यावर डाव्या अंगाला भडका. आकडा काढला. कारखान्याच्या थर्मामीटरच्या अगदी शेजारचा! उजवीकडचाही जुळला.

आम्ही दोघी खुर्च्यांवरून उठून नाचलो. पात्यांची मंडळी धावत आली, कुणाला काही झालं की काय! झालं ना. रोग सापडला. अख्ख्या रोग्याला बघितल्यावर रोग सापडतोच. अर्ध्याला विचारून कसा सापडेल?

औषध अजून नाही. पण आता माझा धीर परतलाय.

१५ एप्रिल

औषध शोधणं चालू. कोपर सरळ करता येत नाही, खांब हलत नाही. मग पन्हळच अशी करायची की कलंडलेली पावडर तिच्यात पडून सावरेल. पहिला आकार — पावडर कडेवरून उतू गेली. दुसरा — तुंबली. डॉक्टरीणबाई म्हणते, पन्हळ वाकडी करूया. एक काठ उंच, एक ठेंगणा, आणि भोकं एकीकडे मोठी, एकीकडे लहान. मी म्हटलं, दिसायला घाण. ती म्हणाली, "काकू, ती आत राहणार आहे, दिवाणखान्यात नाही."

२२ एप्रिल

वाकडी पन्हळ चालली! लाल आणि निळं आता कुठे एकमेकांत मिसळतंय. माथा दोन्हीकडे थंड. पूर्ण थंड नाही, पण सोसवेल इतका. ह्या वेळी मी ह्यांना फोन केला नाही. आधी सगळं पुन्हा तपासलं. मग केला.

२९ एप्रिल, मंगळवार

कारखान्यात बैठक. टेबलाच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते. समोर लेक. डॉक्टरीणबाईने वाकडी पन्हळ दाखवली तर त्यांच्यातला एक म्हणतो, "हे मुद्दाम आहे, की नकाशा पडला होता?" सगळे हसले. मीही.

लेक हसली नाही. नकाशा जवळ ओढून बघत बसली. मग म्हणाली, "मॅडम, हे भांड्याच्या आत जाणार कसं?"

"म्हणजे?"

"माणूस शिरायचं भोक एवढंच आहे." तिने हाताने दाखवलं. "पन्हळ त्यातून जात नाही. आणि भांडं कापायला कुणी देणार नाही."

मी आणि डॉक्टरीणबाई एकमेकींकडे. पडद्यावर पन्हळ आत आपोआप उगवते. बोट दाबलं की हजर! दाराचा विचारच नाही. एवढे डोळे फोडून शेवटी दाराशी अडायचं? हत्ती गेला आणि शेपूट राहिलं!

तेवढ्यात लेकच बोलली. "तुकडे करून नेऊ. आत जोडू. पण जोड कुठे चालतील, कुठे पावडर घासून खाईल, ते तुम्ही सांगा. आणि आत माणसाला उभं राहून जोडता यायला हवं, वाकून नाही."

मग तासन्‌तास आम्ही तिघी त्या नकाशावर. कुठे जोड, कुठे नाही. एका ठिकाणी मी हट्ट धरला. ती म्हणाली, "नाही मॅडम, तिथे हात पोचत नाही." आणि मला मागे सरावं लागलं. पोटची पोर, भर बैठकीत आईला नाही म्हणते! इतकं बरं वाटलं की काय सांगू.

८ मे

तुकड्यांसकट पुन्हा रन. जोडांमुळे किंचित फरक, काळजीचं काही नाही. नकाशा गेला. आमच्या हातातलं संपलं.

११ मे, रविवार

भिंगरीचा दात पडला. खाताना गिळून टाकला. रडारड. हे म्हणाले, तुझ्या आजीला सांग, तो कुठून कसा गेला ते कंप्युटरवर दाखवेल.

९ जून, सोमवार

भांडं थंड झालं. उघडलं.

लेक आत उतरली होती. घरी आली ती नियम मोडतच आली आणि ह्यांनी चक्क मोडू दिला. केसांत राखाडी पावडर, दाताखाली कचकच, डोळे मात्र लखलखीत. म्हणाली, "आई, इतकी वर्षं मी त्याला बाहेरून, आकड्यांतून बघत होते. आज आत उभी राहिले. वर बघितलं. केवढी शांतता असते गं आत! आणि उजव्या भिंतीवर पावडरीने घासून चाटल्याचा पट्टा आहे. तू दाखवला होतास तिथेच."

मी तिच्या केसांतली पावडर झटकत राहिले.

मग म्हणाली, "मला ते बघायचंय. लाल-निळं." बुधवारी ये म्हटलं.

११ जून

आली. दुपारभर पडद्यासमोर. रन पुढे, मागे, पुन्हा पुढे. डॉक्टरीणबाईला प्रश्नावर प्रश्न — हे असं का वळलं? हवा कमी केली तर? नळ दुसरीकडून आला असता तर? चहा गार झाला. मी लांबून बघत होते. टिंब कशाचं ते विचारणारी मी अशीच दिसत असेन तेव्हा.

१९ जून

पन्हळ बसली. आतून जोडणारे म्हणाले म्हणे, वाकडी आहे पण हट्टी नाही, बसली झटकन.

२८ जून, शनिवार

भांडं पुन्हा पेटवलं. चढायला वेळ लागतो. लेक तिथेच. आम्ही सगळे फोनकडे बघत बसलोय. हे मधूनच गुडघ्याला विचारतात, "तुला काय वाटतं?"

१ जुलै, मंगळवार

पूर्ण भरून चालवलं. माथा — शांत! डावीकडे शांत, उजवीकडे शांत. लेकीचा फोन आला. आधी नुसती हसत होती. मग फोन कंट्रोल रूममधल्या मंडळींपुढे धरला, आणि सगळे ओरडले, "मॅडम, ताप उतरला!"

विभाग बंद होत नाही. कुणाची बदली नाही. साहेबांनी संस्थेत सगळ्यांना चहा पाजला, पात्यांच्या मंडळींना आधी. डॉक्टरीणबाईने माझ्या गळ्यात हात टाकले. मी म्हटलं, आता गुडघ्याचं बघ.

मी किती दिवसांनी पोटभर जेवले आज.

६ जुलै

आनंद अजून अंगात आहे. पडदे धुतले. कारण काही नाही.

२० जुलै, रविवार

जेवण झाल्यावर लेक म्हणाली, आई, बस जरा. कंपनीच्या त्या लांबच्या कारखान्यात अशीच दोन जुनी भांडी आहेत, दोन्हींचे माथे तापतात. तिथे जायचंय. "कुणी पाठवत नाहीये. मीच मागून घेतलं." जावयाने तिथल्या शाळेत विचारूनही ठेवलंय. पुढच्या महिन्यात तिघेही निघतात. "आई, त्यांच्या आत कुणीतरी उतरून बघायला नको का? मी सांगेन, तू मांड. ह्या वेळी अख्खं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. आधी मलाही वाटलं होतं.

निघताना तिच्या हातात द्यायला चिठ्ठी लिहायला बसले. कितीतरी लिहायचं होतं, एवढंच उतरलं —

बाळा, पावडर नळातून कशी येते ते आधी बघ, आणि बघितलंस की लगेच लिही. मी वाट बघतेय.